मनाच्या डोळ्यांपुढें कांहींच नसतें तेव्हां

आपण या घटकेला माझा आवाज ऐकत आहां. मी आपणांला दिसत नाहीं. तरी एवढ्यांत आपल्यापैकीं कित्येकांनीं माझी एखादी मूर्ति मनाशीं उभी केलीहि असेल. बोलणारा उंच आहे कीं ठेंगणा, चष्मा लावतो कीं नाहीं, केंस काळे आहेत कीं पिकले आहेत, हें सारें त्या चित्रांत आपोआप भरलें गेलें असेल, आणि बहुधा तें चुकीचेंहि असेल. नभोवाणीचा हा नित्याचा चमत्कार आहे. परंतु माझे शब्द तितक्याच लक्षपूर्वक ऐकणारे आणि त्यांचा अर्थ तितक्याच चोखपणें जाणणारे असे कांहीं श्रोते आहेत, कीं ज्यांच्या मनांत या क्षणीं कसलेंच चित्र नाहीं. माझें नाहीं आणि दुसऱ्या कोणाचेंहि नाहीं. डोळे मिटून स्वतःच्या आईचा चेहरा आठवावयास सांगितलें तरी त्यांच्यापुढें अंधारच राहतो. आईचा चेहरा कसा आहे हें त्यांना ठाऊक असतें. तो दिसत मात्र नाहीं. आजचें माझें भाषण अशा माणसांविषयीं आहे.

"ठाऊक असतें, पण दिसत नाहीं" हें वाक्य प्रथम ऐकतांना चमत्कारिक वाटतें. ज्यांना चित्रें दिसतात त्यांना आठवणें आणि दिसणें ह्या दोन क्रिया एकच वाटतात, आणि आपली भाषाहि त्यांच्याच बाजूची आहे. तो प्रसंग अजून डोळ्यांपुढें उभा आहे, तिची मूर्ति नजरेसमोरून हालत नाहीं, असे प्रयोग आपण दिवसांतून दहादां करतों. ज्याला कांहीं दिसत नाहीं तोहि हे शब्द लहानपणापासून ऐकतो व बिनदिक्कत वापरतो. कारण त्याच्या समजुतीप्रमाणें तो केवळ बोलण्याचा अलंकार असतो. पोटांत कावळे ओरडतात असें म्हणणाऱ्याच्या पोटांत कोणी कावळे शोधीत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. समोरचा मनुष्य अक्षरशः खरें बोलत आहे ही शंका त्याला वीस-वीस, तीस-तीस वर्षें येत नाहीं. कधीं कधीं सारा जन्म येत नाहीं. समोरच्यालाहि ती येत नाहीं. एका घरांत वाढलेलीं, एका पंक्तीला जेवणारीं दोन भावंडें परस्परांच्या मनांतील या भेदाविषयीं पूर्ण अज्ञानांत राहूं शकतात.

हा भेद पद्धतशीरपणें उजेडांत आणला तो इंग्लंडांतील फ्रॅन्सिस गॉल्टन यानें, सन १८८० मध्यें. गॉल्टन आणि चार्लस डार्विन हे एकाच आजोबांचे नातू. जें दिसेल तें मोजण्याचें गॉल्टनला विलक्षण वेड होतें. या वेडांतून पुढें सुप्रजननशास्त्रासारखी अनिष्ट विचारसरणीहि निघाली, तिचें समर्थन करण्याचें मला कारण नाहीं. पण त्याची ही एक पृच्छा मात्र निरुपद्रवी आणि मोठी मार्मिक होती. आज सकाळीं आपण ज्या मेजावर न्याहारी केली तें मेज आठवा, असें त्यानें लोकांना लिहून विचारलें. तें चित्र उजळ आहे कीं अंधुक? त्यांतील वस्तूंच्या कडा रेखीव आहेत काय? चिनी मातीचीं भांडीं, पाव, मांस यांचे रंग स्वाभाविक दिसतात काय? प्रथम त्यानें आपल्या शास्त्रज्ञ मित्रांना हे प्रश्न केले, आणि उत्तरें वाचून तो थक्क झाला. त्यांतील बहुतेकांना प्रश्नाचाच अर्थ कळेना. मनांत चित्र दिसतें ही कल्पनाच त्यांना खुळेपणाची वाटली. उलट सामान्य समाजांत, विशेषतः स्त्रिया आणि मुलें यांच्यांत, आपणांला सर्व कांहीं लख्ख दिसतें असें निःशंकपणें सांगणारीं पुष्कळ माणसें त्याला भेटलीं. डार्विननेंहि उत्तर पाठविलें होतें. थंड मांसाचा तुकडा, द्राक्षें आणि एक पेअर फळ हीं त्याला स्पष्ट दिसत होतीं. 

अमूर्त विचारांच्या संवयीनें शास्त्रज्ञांची ही शक्ति गंजत असावी, असें अनुमान गॉल्टननें काढलें. तें पुढें टिकलें नाहीं. पुष्कळ शास्त्रज्ञांना चित्रें उत्तम दिसतात, असें पुनर्तपासणींत आढळलें. मात्र ज्यांना तीं मुळींच दिसत नाहींत त्यांचा ओढा गणित व विज्ञान यांकडे कांहींसा अधिक असतो, इतपत आधार अलीकडच्या पाहणींत मिळतो.

गॉल्टननंतर तीनच वर्षांनीं, १८८३ सालीं, पॅरिस येथील सुप्रसिद्ध वैद्य शार्को यानें एका व्यापारी गृहस्थाची हकीकत जाहीर केली. या गृहस्थाची दृक्स्मृति एके काळीं असामान्य होती. वाचलेलीं पानें त्याला जशींच्या तशीं दिसत. एकाएकीं ती शक्ति समूळ नाहींशी झाली, आणि पूर्वीं जें डोळ्यांनीं आठवे तें आतां त्याला शब्दांनीं आठवावें लागूं लागलें. त्यानें स्वतःविषयीं सांगितलेली एक गोष्ट मला या साऱ्या विषयाचें मर्म वाटते. त्याचा एक जिवलग आप्त वारला. परंतु पूर्वीं झालें असतें तेवढें दुःख आपणांस झालें नाहीं, कारण त्याचा चेहरा, त्याचें दुखणें, घरच्या माणसांचा शोक, यांतलें कांहींच मनापुढें उभें राहीना, असें तो म्हणतो. चित्र गेलें कीं मायाहि जाते काय? हा प्रश्न येथें उभा राहिला, आणि सव्वाशें वर्षें कोणी त्याच्याकडे नीटसें पाहिलें नाहीं. १९१३ पासून अमेरिकेंत जॉन वॉटसन व त्याचे अनुयायी यांनीं मानसशास्त्र म्हणजे केवळ बाह्य वर्तनाचें शास्त्र असा पंथ चालविला, आणि मनांतील चित्रांविषयीं बोलणें जवळ जवळ भाकडकथांत जमा झालें. १९७३ सालीं डेव्हिड मार्क्स यानें उगवता सूर्य, ओळखीचें दुकान, आप्तांचा चेहरा अशा सोळा मनश्चित्रांना एकपासून पांचपर्यंत गुण देण्याची प्रश्नावली केली. ती आजहि चालू आहे. पण जन्मतःच चित्रें नसलेल्या माणसाचा शोध मात्र फारसा कोणी केला नाहीं.

तो योग आला तो एका वृद्ध स्कॉटिश गृहस्थामुळें. शास्त्रीय लेखांत त्यांना एम. एक्स. एवढेंच नांव आहे. इमारतींची पाहणी व मोजणी करण्याच्या धंद्यांतून ते निवृत्त झालेले, वय ६५. कादंबऱ्या वाचण्याचा त्यांना नाद होता. आणि रात्रीं अंथरुणावर पडलें कीं दिवसाचे प्रसंग, मुलेंबाळें, मित्र, पूर्वीं पाहिलेल्या इमारती एकामागून एक डोळ्यांपुढें आणीत झोंपीं जाण्याची त्यांची संवय होती. हृदयाच्या रक्तवाहिनीवर एक लहानशी शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर तें सारें बंद पडलें. कादंबरी वाचतांनाहि पूर्वींसारखें आंत शिरतां येईना. ॲडम झेमन या मज्जातंतुशास्त्रज्ञानें आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं त्यांची कसून परीक्षा केली. तेव्हां दिसून आलें तें असें, कीं त्यांची बुद्धि व स्मृति शाबूत होती. नामांकित व्यक्तींचे चेहरे ते ओळखीत आणि त्यांचें वर्णनहि करीत. गवताचा हिरवा रंग गडद कीं पाइन वृक्षाचा, या प्रश्नाचें उत्तर त्यांनीं बरोबर दिलें. मात्र तें देतांना आपणांला गवतहि दिसलें नाहीं आणि वृक्षहि दिसला नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. मेंदूचें कार्य दाखविणाऱ्या एम. आर. आय. यंत्रांत घालून त्यांना प्रत्यक्ष चेहरे दाखविले, तेव्हां मेंदूच्या मागील बाजूस असलेलें दृष्टीचें क्षेत्र इतरांप्रमाणेंच जागें झालें. तेच चेहरे मनांत आणा म्हटलें, तेव्हां तें क्षेत्र बरेंचसें थंड राहिलें, आणि विचाराशीं संबंध असलेल्या पुढच्या भागाची धडपड वाढली.

ही हकीकत २०१० सालीं प्रसिद्ध झाली, आणि अनपेक्षित असें कांहीं घडलें. तिचा वृत्तान्त वाचून कांहीं माणसांनीं झेमन यांस कळविलें, कीं एम. एक्स. यांचें जें हरवलें तें आमच्याजवळ कधींच नव्हतें. अशा २१ जणांची माहिती २०१५ सालीं प्रसिद्ध करतांना त्यांनीं या अवस्थेला अफँटेझिया असें नांव दिलें. ॲरिस्टॉटलनें मनांत प्रतिमा उत्पन्न करणाऱ्या शक्तीला फँटेझिया म्हटलें होतें; तिचा अभाव तो अफँटेझिया. मराठींत आपण प्रतिमाशून्यता म्हणूं. कोणी आंतरिक अंधत्व असाहि शब्द सुचवितात. मला तो पसंत नाहीं, कारण त्यांत नसलेल्या दुःखाचा आरोप होतो. नांव मिळतांच हजारों लोकांनीं पत्रें लिहिलीं. ब्रिटनमध्यें २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीप्रमाणें शंभरांत सुमारें चार माणसांचीं मनश्चित्रें अगदीं अंधुक तरी असतात किंवा मुळींच नसतात; ज्यांच्यापुढें निव्वळ अंधार असतो अशीं शंभरांत एकाहूनहि थोडीं कमी.

येथें चिकित्सक श्रोता विचारील, कीं हें सारें त्या लोकांच्या सांगण्यावरच ना? एक म्हणतो दिसतें, दुसरा म्हणतो दिसत नाहीं. कदाचित् दोघांनाहि सारखेंच दिसत असेल आणि भेद केवळ वर्णनाचा असेल. शंका रास्त आहे. तिचें उत्तर देण्यासाठीं ऑस्ट्रेलियांत सिडनी येथील जोएल पीअरसन व त्यांचे सहकारी यांनीं जे प्रयोग केले ते मोठे युक्तीचे आहेत. आपल्या एका डोळ्याला तांबड्या रेषांची आणि दुसऱ्या डोळ्याला निराळ्या दिशेच्या हिरव्या रेषांची आकृति एकाच वेळीं दाखविली, तर मेंदू दोहोंचें मिश्रण करीत नाहीं. क्षणभर तांबडी दिसते, क्षणभर हिरवी. आतां ही गंमत पाहा. आधीं कांहीं सेकंद तांबडी आकृति मनांत आणावयास सांगितलें, तर नंतर प्रत्यक्ष पाहतांना तांबडीच प्रथम दिसण्याचा संभव वाढतो. मनांतलें चित्र खऱ्या दृष्टीला कलतें करतें. प्रतिमाशून्य माणसांवर हा प्रयोग केला, तेव्हां त्यांची दृष्टि कोणत्याच बाजूस कलली नाहीं. हा निष्कर्ष २०१८ सालचा.

पुढें २०२२ सालीं त्यांनीं डोळ्यांच्या बाहुल्या मोजल्या. प्रखर वस्तु पाहिली कीं बाहुली आकुंचन पावते हें आपण जाणतोंच. पण प्रखर वस्तु नुसती मनांत आणली तरीहि ती किंचित् आकुंचन पावते. ही गोष्ट कोणाच्या इच्छेच्या अधीन नाहीं, म्हणून येथें सोंग करतां येत नाहीं. प्रतिमाशून्य माणसांच्या बाहुल्या खऱ्या प्रकाशानें आकुंचन पावल्या, मनांतल्या प्रकाशानें पावल्या नाहींत. मात्र एकाऐवजीं चार आकृति मनांत आणा म्हटलें, कीं त्यांच्याहि बाहुल्या श्रमानें विस्तारत. म्हणजे ते आळस करीत नव्हते. प्रयत्न चालू होता, चित्र उमटत नव्हतें.

मग हे लोक आठवतात तरी कशानें? आपल्या राहत्या घराला खिडक्या किती, असें कोणालाहि विचारून पाहा. चित्रें पाहणारा मनांतल्या मनांत खोल्यांतून फिरतो आणि मोजतो. प्रतिमाशून्य मनुष्यहि बहुधा बरोबर आंकडा सांगतो. कसें, असें विचारलें तर म्हणतो, कीं रात्रीं दिवे गेल्यावर आपण ओळखीच्या घरांत न अडखळतां पाण्याच्या माठापर्यंत जातों, तसें कांहींसें. जागेचें ज्ञान आणि वस्तूचें रूप हीं मेंदूंत निरनिराळ्या मार्गांनीं चालतात, हें शास्त्रज्ञांना फार पूर्वींपासून ठाऊक होतें. येथें त्याचा प्रत्यय येतो. २०२१ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत दोन्ही प्रकारच्या माणसांना खोल्यांचीं छायाचित्रें दाखवून तीं मागाहून स्मरणानें काढावयास सांगितलीं. प्रतिमाशून्य मंडळींनीं वस्तु कमी काढल्या, रंग कमी वापरले, कोठें कोठें तर चित्राऐवजीं वस्तूचें नांवच लिहिलें. पण ज्या वस्तु काढल्या त्यांच्या जागा व आकार इतरांइतकेच अचूक होते. आणि जी वस्तु त्या खोलींत नव्हतीच ती घुसडण्याची चूक त्यांच्या हातून इतरांपेक्षां कमी झाली. न्यायालयांत साक्षीदार म्हणून यांपैकीं कोण बरा, याचा विचार वकील मंडळींनीं करावा.

कल्पनाशक्ति म्हणजे चित्रें पाहण्याची शक्ति, असें समजून या लोकांना कल्पनाहीन ठरविणें ही तर मोठीच चूक होईल. संगणकावरील चलच्चित्रांसाठीं जगभर नांवाजलेल्या पिक्सार या संस्थेचे एक संस्थापक एड कॅटमल यांना मनांत कांहींच दिसत नाहीं. जलपरीच्या कथेवरील बोलपटांतली एरियल ही नायिका ज्यांनीं रेखाटली ते चित्रकार ग्लेन कीन हेहि त्यांतलेच. कीन आधीं कागदावर रेघोट्यांचें जंजाळ करतात आणि त्यांतून आकृति शोधून काढतात. मनांत पाहून कागदावर उतरविण्यासारखें त्यांच्यापाशीं कांहीं नसतेंच. कॅटमल यांना आपल्या या वेगळेपणाचा पत्ता लागला तो ध्यानाच्या अभ्यासांत. तिबेटी पद्धतीच्या ध्यानांत एक गोल डोळ्यांपुढें आणावयास सांगितलें होतें. आठवडाभर प्रयत्न करूनहि त्यांना तो दिसेना.

हें वाचतांना मला आपल्याकडील मानसपूजा आठवली. डोळे मिटून देवाला आसन द्यावयाचें, स्नान घालावयाचें, फुलें वाहावयाचीं, सर्व मनानें. आद्य शंकराचार्यांच्या नांवावर असलेलें शिवमानसपूजा स्तोत्र पुष्कळ घरांतून म्हटलें जातें. सगुणाचें ध्यान करूं जावें आणि काळोखावांचून कांहीं हातीं लागूं नये, असा अनुभव आलेलीं श्रद्धाळू माणसें आपल्यांतहि असलीं पाहिजेत. त्यांनीं तो आपल्या चित्ताच्या मलिनतेचा, भक्तीच्या उणिवेचा दोष मानला असेल, आणि कोणाजवळ बोललींहि नसतील. आपल्या संतांनीं नामस्मरणाला एवढें महत्त्व कां दिलें याचीं कारणें विद्वान् लोक अनेक सांगतात. त्यांत मी हें एक घालीत नाहीं. पण ज्याच्या मनांत रूप उमटत नाहीं त्यालाहि नाम घेतां येतें, ही गोष्ट खरी आहे.

शाळेंतहि असेंच. "डोळे मिटा आणि समुद्रकिनारा डोळ्यांपुढें आणा, मग निबंध लिहा," असें सांगणाऱ्या गुरुजींपुढें एखादें मूल नुसतेंच डोळे मिटून बसतें. तें मठ्ठ नसतें, हट्टीहि नसतें. त्याला किनाऱ्यावर काय काय असतें हें विचारा, तें यादी देईल.

आतां शार्कोच्या त्या व्यापाऱ्याकडे वळूं. चित्र गेलें कीं मायाहि जाते काय? यावर थोडा प्रकाश पाडणारा प्रयोग २०२१ सालीं सिडनी येथेंच झाला. अंधाऱ्या खोलींत बसवून लोकांना भयकथा वाचावयास दिल्या. समुद्रांत पोहत असतां शार्क मासा जवळ येतो, अशा जातीच्या. भीतीनें त्वचेवर सूक्ष्म घाम सुटतो, तो यंत्रानें मोजला. चित्रें पाहणाऱ्यांचा घाम कथेबरोबर वाढत गेला. प्रतिमाशून्य माणसांचा जवळ जवळ वाढलाच नाहीं. यावरून त्यांचीं हृदयें दगडाचीं ठरतात काय? नाहीं. कारण याच माणसांना भीतिदायक चित्रें प्रत्यक्ष दाखविलीं, तेव्हां त्यांनाहि इतरांइतकाच घाम सुटला. भावनेचें झाड तेंच; शब्दांपासून त्याच्यापर्यंत पाणी नेणारा एक पाट तेवढा नाहीं.

शोकाचेंहि असेंच असावें, असें माझें मत आहे. पत्रें लिहिणाऱ्यांपैकीं कित्येकांनीं सर्वांत मोठी खंत सांगितली ती हीच. आई गेली, आणि तिचा चेहरा पुन्हा कधीं पाहतां येणार नाहीं, मनांतसुद्धां नाहीं. घरांतील बाकीचीं माणसें महिनोन्‌महिने म्हणतात, कीं ती अजून दारांत उभी दिसते. आणि ज्याला ती दिसत नाहीं तो मनाशीं म्हणतो, माझें प्रेमच कमी होतें कीं काय? पूर्वीं ज्याला चित्रें दिसत आणि मग दिसेनाशीं झालीं, त्या व्यापाऱ्याला आपला शोक उणा झालेला जाणवला, हें समजण्यासारखें आहे. त्याच्या शोकाची जुनी वाट बंद झाली होती. जन्मतःच ज्याच्यापाशीं ती वाट नव्हती, त्यानें आईवर प्रेम केलें तें दुसऱ्या वाटांनीं, आणि त्याचें दुःखहि त्याच वाटांनीं येतें. तिचें एखादें वाक्य, हाताचा स्पर्श, ती नसल्यामुळें रिकामी राहिलेली दुपारची वेळ. कित्येकांना आवाज मनांत ऐकूं येतो. कांहींना तोहि येत नाहीं. बहुसंख्यांना स्वप्नांत मात्र चित्रें दिसतात. चित्र काढणारा कारागीर त्यांच्या मेंदूंत आहेच; जागेपणीं बोलाविलें तर तो येत नाहीं, एवढेंच.

उलट टोंकालाहि माणसें आहेत. त्यांना मनांतलें चित्र प्रत्यक्षाइतकें लख्ख दिसतें, आणि अशांना पाहिलेला अपघात किंवा रुग्णशय्येवरचा चेहरा नको असतांनाहि दिसत राहतो. कोणतें बरें, हें मी ठरवूं शकत नाहीं.

जन्मापासूनची प्रतिमाशून्यता हा रोग नव्हे, आणि तिच्यावर औषध नाहीं. ती कित्येकदां एकाच कुटुंबांतील भावंडांत आढळते. आधीं दिसणारीं चित्रें एकाएकीं नाहींशीं झालीं तर मात्र डॉक्टरांस दाखविलें पाहिजे, कारण तेव्हां मेंदूस कांहीं इजा झाली असण्याचा संभव असतो. बाकीच्यांसाठीं एक लहानशी सूचना करतों. वरच्या प्रयोगांत आपण पाहिलें, कीं खरें चित्र समोर आलें म्हणजे या माणसांचेंहि अंतःकरण इतरांसारखेंच हालतें. तेव्हां घरांतलें कोणी गेल्यावर त्याचीं छायाचित्रें भिंतीवरून उतरवून ट्रंकेत ठेवण्याची घाई करण्यापूर्वीं, घरांतल्या प्रत्येकाला एकदां विचारावें, कीं डोळे मिटल्यावर तुला काय दिसतें?